मुंबईच्या कापड गिरण्या : जकात आणि यांत्रिकीकरण

देशी मालाला परदेशी मालापासून आडोसा मिळावा म्हणून आयातीवर बसवलेला कर म्हणजे संरक्षक जकात. माणसाच्या हातचे काम यंत्राकडे जाणे, किंवा एकाच माणसाकडे जास्त यंत्रे सोपवली जाणे, हे यांत्रिकीकरण. देशी कारखानदारीवर होणारा या दोहोंचा परिणाम बहुधा वेगवेगळा मांडला जातो, पण मुंबईच्या सूत-कापड गिरण्यांची कहाणी दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय उलगडत नाही. जकातीने परदेशी कापड अडले, यात शंका नाही. मात्र अडलेल्या कापडाची जागा कोणत्या गावाने, कोणत्या यंत्रावर आणि किती मजुरांनी भरून काढायची, हे जकातीने ठरवले नाही. गिरणगावाचे भवितव्य त्या दुसऱ्या प्रश्नावर ठरले.

देशी मालावर कर

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ताडदेवला गिरणी सुरू झाली. चात्या (सूत कातणारी यंत्रे), साचे (गिरणीतले विणकामाचे माग), सुटे भाग सगळे इंग्लंडहून येई. ज्या लँकेशायरकडून, म्हणजे इंग्लंडमधल्या कापड गिरण्यांच्या मुलखाकडून, यंत्रे घ्यायची, त्याच लँकेशायरच्या कापडाशी बाजारात झुंजायचे, अशी ही सुरुवात होती. देशी गिरण्या वाढू लागताच आयात कापडावरची जकात लँकेशायरच्या डोळ्यांत खुपू लागली. तिथल्या दबावामुळे १८८२ मध्ये ती पूर्ण रद्द झाली. रुपया घसरून सरकारी तिजोरीत खडखडाट झाला तेव्हा १८९४ मध्ये ती परत आली, पण जोडीला देशी गिरण्यांच्या बारीक सुतावर तेवढाच अबकारी करही, म्हणजे देशात तयार झालेल्या मालावरचा करही, आला. १८९६ मध्ये व्यवस्था अशी ठरली : विलायती कापडावर साडेतीन टक्के जकात आणि देशी गिरणीच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी. म्हणजे संरक्षण शून्य. लँकेशायरचे कापड मुख्यतः तलम, इथले जाडेभरडे. त्यामुळे गरिबाच्या अंगावरच्या कापडावर कर बसला. गोपाळ कृष्ण गोखले यांनी कायदेमंडळात हा कर रद्द करण्याची मागणी केली, पण तो काढून टाकायला १९२६ उजाडले.

संरक्षण नसतानाही गिरण्या वाढल्या, हे विसरता कामा नये. कापूस जवळचा होता, मजुरी कमी होती आणि चीनमध्ये सुताला गिऱ्हाईक होते. नव्या यंत्राचे धाडसही याच काळातले आहे. जमशेटजी टाटांच्या नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८८३ मध्ये रिंग चात्या, म्हणजे सूत न थांबता कातून गुंडाळणारी नवी यंत्रे, बसवल्या गेल्या, तेव्हा खुद्द लँकेशायर कातण्याच्या जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून होते. जकातीच्या आडोशाविना हे झाले. आडोसा मिळाल्यावर मात्र मुंबईत तसे धाडस क्वचितच दिसले.

जकातीची चढती कमान

पहिल्या महायुद्धाच्या खर्चापायी १९१७ मध्ये आयात कापडावरची जकात साडेसात टक्के आणि १९२१ मध्ये ११ टक्के झाली. हेतू महसुलाचा होता, तरी अबकारी साडेतीनवरच राहिल्याने गिरण्यांना प्रथमच खरे संरक्षण मिळाले. मग रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्सवर पक्का करण्यात आला. रुपया महाग, म्हणून आयात स्वस्त. जकातीने एका हाताने दिलेले विनिमय दराने दुसऱ्या हाताने काढून घेतले. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी या दराविरुद्ध भिन्नमत नोंदवले होते आणि मुंबईच्या गिरणीमालकांचाही त्याला कडवा विरोध होता.

तोवर जपान दारात उभा होता. तिथे स्त्रियांना रात्रपाळीत राबवून गिरण्या दोन पाळ्यांत चालत. भारतात स्त्रियांच्या रात्रीच्या कामाला कायद्याने मनाई होती. जकात मंडळाने १९२६-२७ मध्ये चौकशी केली. सरकारने आधी टाळाटाळ केली आणि मग १९२७ मध्ये आयात सुतावर पौंडामागे किमान दीड आणा जकात लावली. गिरणीला ती हवी होती. हातमागवाल्याला मात्र सूत हा कच्चा माल, त्यामुळे त्याचे कापड महाग पडले. एकाचे संरक्षण दुसऱ्याच्या खर्चात पडते, हा जकातीचा परिणाम हातमागावर पोट असलेल्या सोलापूरसारख्या गावांनी सोसला.

१९३० च्या कायद्याने ब्रिटिश कापडावर १५ आणि इतर परदेशी कापडावर २० टक्के जकात आली. पुढे ती चढतच गेली. जपानी मालावर ती १९३२ मध्ये ५० आणि १९३३ मध्ये ७५ टक्क्यांवर पोचली. पुढच्या वर्षी जपानशी करार होऊन ती ५० वर आली. परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. १९१३-१४ मध्ये सुमारे ३२० कोटी यार्ड कापड बाहेरून येई आणि भारतीय गिरण्या सुमारे ११६ कोटी यार्ड विणत. १९३८-३९ मध्ये आयात सुमारे ६५ कोटींवर आली आणि गिरण्यांचे उत्पादन ४२५ कोटींच्या पुढे गेले. जकातीबरोबर स्वदेशीच्या चळवळीचाही यात वाटा होता.

दोन साचे की तीन?

वाढ देशाची झाली, मुंबईची तेवढी नाही. अहमदाबाद आणि आतल्या भागातली गावे पुढे सरकली. तिथे मजुरी कमी होती, गिऱ्हाईक जवळ होते आणि तीच जकात त्यांनाही लागू होती. मुंबईत १९३३-३४ च्या सुमारास कित्येक गिरण्यांचे भोंगे बंद होते.

मुंबईच्या मालकांनी खर्च कमी करायला हात घातला तो माणसांच्या संख्येला. विणकर दोन साचे सांभाळी, त्याला तीन द्यायचे. कातणखात्यात यंत्राची एक बाजू पाहणाऱ्याने दोन बाजू पाहायच्या. हिशेब सोपा आहे. दोनाचे तीन साचे झाले की तीन विणकरांमागे एक घरी बसतो. उरलेल्यांची मजुरी थोडी वाढते, पण कामाच्या प्रमाणात नाही. याला ‘सुसूत्रीकरण’ असे नाव मिळाले. १९२८ च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत सुमारे दीड लाख कामगारांनी संप केला, त्याच्या मुळाशी हेच होते. गिरणी कामगार युनियन, म्हणजे लाल बावटा, या संपातूनच उभी राहिली. संप मिटताना या वादाच्या चौकशीसाठी फॉसेट समिती नेमली गेली.

कामगार यंत्राला घाबरले, असे या संपाबद्दल सर्रास लिहिले जाते. ते अन्यायाचे आहे. जपानमध्ये टोयोडांचा १९२४ चा स्वयंचलित माग चालू असतानाच धोटा (आडवा धागा नेणारा भाग) बदलत असे आणि धागा तुटला की आपोआप थांबत असे, म्हणून एक कामगार असे कितीतरी माग पाहू शके. १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतले. मुंबईत साचा जुनाच होता. हलक्या कापसाचे सूत वारंवार तुटे, ते हातानेच सांधावे लागे, आणि त्याच माणसाकडे तिसरा साचा दिला जात होता. यंत्र बदलले नाही, घाम तेवढा वाढला. नवे माग महाग आणि मजूर स्वस्त, म्हणून मालकांना बदलाची निकड वाटली नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी मॅनेजिंग एजंटांचे, म्हणजे गिरणीचा कारभार पाहणाऱ्या पेढ्यांचे, कमिशन नफ्याऐवजी उत्पादनावर किंवा विक्रीवर ठरलेले होते. जकातीने मिळवून दिलेला अवधी असा खर्ची पडला.

स्त्रियांच्या वाट्याला काय आले, ते वेगळे सांगायला हवे. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाचात एक कामगार स्त्री होती आणि त्यांतल्या बहुतेक वाइंडिंग, रीलिंग या खात्यांत. सूत गुंडाळण्याची वेगवान यंत्रे आधी याच खात्यांत आली. रात्रपाळीला मनाई असल्याने पाळ्या वाढल्या तशी पुरुषांची भरती झाली. पुढच्या काही दशकांत गिरणीतली बाई जवळजवळ दिसेनाशी झाली.

बाहेरचा स्पर्धक गेला, घरचा आला

स्वातंत्र्यानंतर परदेशी कापडाला दार जवळपास बंदच झाले. मात्र हातमाग जगावा म्हणून १९५६ पासून गिरण्यांच्या मागांची संख्या गोठवली गेली आणि त्यांच्या कापडावर अबकारीही जास्त होती. मधली जागा यंत्रमागाने, म्हणजे गिरणीबाहेर छोट्या शेडमध्ये विजेवर चालणाऱ्या मागाने, घेतली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्येच पहिला यंत्रमाग बसवला होता. आता भिवंडी आणि मालेगावही खडखडू लागले. गिरण्यांनी मोडीत काढलेले साचे तिथे शेडमध्ये पुन्हा सुरू झाले. मजुरी कमी, कर कमी, कामगार कायदा नावापुरता. कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा विणकामाचा मोठा भाग आधीच मुंबईबाहेर गेला होता. संपाने गिरण्या बुडाल्या हे अर्धसत्य आहे. संपकाळात कापड यंत्रमागावर विणून घेता येत होता, म्हणूनच मालकांना तो लांबवणे परवडले. पुढे गिरण्यांच्या जमिनीचा भाव कापडाच्या नफ्याला भारी ठरला.

आज इचलकरंजीत साध्या यंत्रमागाशेजारी हवेच्या झोताने धागा नेणारे एअरजेट माग दिसतात. साधा माग मिनिटाला सव्वाशे-दीडशे आडवे धागे टाकतो, एअरजेट सहाशेच्या वर. साध्या मागावरच्या कामगारापुढे पुन्हा तोच हिशेब आहे. जकातीचा वादही चालूच आहे. २०२१ च्या अर्थसंकल्पात कापसाच्या आयातीवर ११ टक्के शुल्क आले. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली, तेव्हा निर्यातदार गिरण्यांना दिलासा म्हणून केंद्र सरकारने हे शुल्क वर्षअखेरपर्यंत माफ केले. माफीच्या याच काळात विदर्भ-मराठवाड्यातला नवा कापूस बाजारात येऊ लागला होता.