ब्रेक स्टेटमेंट

लूप म्हणजे प्रोग्रामचा तोच भाग अट सांगेल तोवर पुन्हा पुन्हा चालवणं; ती अट तपासायची ठरलेली जागा येण्याआधीच, मधूनच लूप संपवणारी सूचना म्हणजे ब्रेक. सी, जावा, पायथन, गो, रस्ट या सगळ्या प्रोग्रामिंग भाषांत हाच शब्द आहे, एडा आणि फोर्ट्रान ९० मध्ये एक्झिट, पर्लमध्ये लास्ट.

सीमध्ये हा शब्द आला तो बीसीपीएल (मार्टिन रिचर्ड्स, १९६७) आणि मग बी या आधीच्या भाषांच्या वाटेने, इथवर वाद नाही. वाद आहे तो सीमध्ये लूप आणि स्विच (किंमत बघून अनेक पर्यायांतली, म्हणजे केसमधली, एक वाट निवडणारी रचना) दोन्हीतून बाहेर पडायला एकच ब्रेक का, यावर. बीसीपीएलमध्ये स्विचऑनमधून (तिथल्या स्विचमधून) बाहेर पडायला एंडकेस हा वेगळा शब्द आहे, त्यामुळे बी आणि सी घडवणाऱ्या केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी दोन्ही मुद्दाम एकत्र केले असं वाटणं साहजिक आहे. पण रिचींनी १९९३ मध्ये सीच्या इतिहासावरच्या निबंधात लिहिलंय की त्यांनी साठच्या दशकात बीसीपीएल शिकली तेव्हा तिच्यात एंडकेस नव्हताच, म्हणजे दोन्ही भाषा आपापल्या वाटेने गेल्या, कोणी ठरवून बदल केला नाही. ते स्वतः त्या कामात होते, तेव्हा त्यांचंच म्हणणं जास्त धरावं.

या एकाच शब्दाचा त्रास मात्र खरा आहे. लूपच्या आत स्विच असेल आणि त्यात ब्रेक लिहिला तर स्विच संपतो, लूप चालूच राहतो. १५ जानेवारी १९९० ला एटी अँड टीचं लांब पल्ल्याचं फोन नेटवर्क सुमारे ९ तास कोलमडलं होतं, त्याचं मूळ स्विचमधल्या एका इफच्या (अट तपासणाऱ्या सूचनेच्या) आत लिहिलेल्या ब्रेकपर्यंत पोचलं: लिहिणाऱ्याच्या मनात इफमधून बाहेर पडायचं होतं, मशीन बाहेर पडलं ते स्विचमधून. गोमध्ये प्रत्येक केस आपोआप संपते तरी ब्रेक स्विचलाच लागतो, लूप सोडायचा तर लूपला लेबल (नाव) द्यावं लागतं.

लूप मध्येच सोडावा की नाही हा वाद संगणकशास्त्रज्ञ डायक्स्ट्रांच्या १९६८ च्या गोटू-विरोधी पत्रानंतर तापला; गोटू म्हणजे प्रोग्राममध्ये दुसरीकडे थेट उडी मारायची सूचना. १९७० च्या पास्कलमध्ये ब्रेक नव्हता. त्याची अडचण दिसते ती दीड फेरीच्या लूपमध्ये: आकडा वाचा, –१ असेल तर थांबा, नाहीतर बेरजेत घाला. ब्रेक नसेल तर वाचायची ओळ लूपच्या आधी एकदा आणि आत शेवटी पुन्हा एकदा लिहावी लागते, नाहीतर थांबायचं की नाही याची खूण ठेवणारा एक फ्लॅग सांभाळत बसायचं. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांनी १९७४ मध्ये याच प्रकारासाठी मधल्या एक्झिटची बाजू मांडली. त्याच वर्षी एस. राव कोसराजू यांनी सिद्ध केलं की एकात एक असलेले अनेक लूप एकदम सोडणारे एक्झिट जादा व्हेरिएबल न घेता नेहमीच कमी पातळ्यांत बसवता येत नाहीत. सोलोवे, बोनार आणि अर्लिक यांच्या १९८३ च्या अभ्यासात मधून बाहेर पडता येणारा लूप दिला तेव्हा विद्यार्थ्यांचे प्रोग्राम जास्त बरोबर आले. तरी पास्कलचे कर्ते वीर्थ यांनी आपल्या ओबेरॉन-०७ या नंतरच्या भाषेतून लूप-एक्झिट काढून टाकलं.

आतल्या लूपमधून थेट बाहेरचा लूप सोडताना, म्हणजे टेबलच्या ओळी-कॉलममध्ये एक किंमत शोधून सापडताच थांबताना, एडा, जावा आणि रस्टमध्ये लूपला नाव देता येतं आणि ब्रेकसोबत (एडात एक्झिटसोबत) ते नाव लिहिता येतं, त्यामुळे कुठला लूप संपला ते वाचणाऱ्याला वर-खाली न शोधता कळतं. पीएचपीमध्ये नावाऐवजी आकडा, ब्रेक २. हे स्पष्टतेच्या दृष्टीने कमजोर आहे, कारण मध्ये आणखी एक लूप घातला की तोच आकडा गुपचूप चुकीच्या लूपवर थांबतो. पायथनसाठी लेबलचा प्रस्ताव (पेप ३१३६, २००७) आला होता, पायथनचे कर्ते गीडो व्हॅन रॉसम यांनी नाकारला, तिथे लोक शोधाचं वेगळं फंक्शन करून रिटर्न वापरतात.

मिस्रा सी २०१२ या सी सुरक्षितपणे लिहिण्याच्या नियमावलीत एका लूपला थांबवणारा ब्रेक किंवा गोटू एकापेक्षा जास्त नसावा असा सल्लावजा नियम आहे.