कौलाला सिमेंट लावण्याआधी हे वाचा

आम्ही कौलारू छपरांची दुरुस्ती करतो. रोहिणी नक्षत्र लागले की आमच्याकडे एकाच धाटणीचे फोन येऊ लागतात. "मागच्या मे महिन्यात सिमेंट मारून घेतलं होतं, तरी तिथंच गळतंय. आता तर बाजूलाही गळतंय." यात गवंड्याने काम वाईट केलेले असते असे नाही. कौलारू छप्पर ही सिमेंटने सांधायची वस्तूच नाही, म्हणून असे होते. हे पत्रक मंगलोरी कौलांच्या घरांसाठी आहे. नळ्याच्या कौलांचे गणित वेगळे आणि स्लॅबचे त्याहून वेगळे.

सिमेंटने गळती वाढते ती कशी

मंगलोरी कौल एकटे पाणी अडवत नाही, शेजाऱ्यांच्या आधाराने अडवते. बासेल मिशनने 1865 साली मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून या कौलाची मूळ रचना तीच आहे. एका बाजूला उभी कड, दुसऱ्या बाजूला तिच्यावर बसणारी खाच, आणि वरचे कौल खालच्यावर अडीच-तीन इंच चढलेले. जोराच्या पावसात सांध्यातून थोडे पाणी आत शिरतेच. ते शिरणार हे धरूनच खाचेत बारीक पन्हळ ठेवलेली असते. त्या पन्हळीतून पाणी खालच्या कौलाच्या पाठीवर उतरते आणि पुढे पागोळीला जाते.

सिमेंट लावले की पहिली बुजते ती ही पन्हळ. तुंबलेले पाणी कड ओलांडते आणि रिपेवर, म्हणजे कौलाखालच्या आडव्या लाकडी पट्टीवर, येते. रिपेवरून ते उताराला लागून चार-पाच फूट लांब जाऊन टपकते. टपकते तिथे पुन्हा सिमेंट लागते आणि आणखी एक पन्हळ बुजते.

दुसरे कारण उन्हाचे. एप्रिल-मेमध्ये कौल हात लावू देत नाही इतके तापते आणि वळवाच्या सरीने क्षणात गार होते. कौल आणि सिमेंटचा थर सारखे फुगत नाहीत, त्यामुळे दोघांमध्ये केसाएवढी फट पडते. अशी फट पाणी ओढून धरते. उघडा सांधा दोन तास ऊन पडले की वाळतो, ही फट आठवडाभर ओली राहते आणि खालची रीप कुजवते. एम-सील, डांबरी पट्टी, रबरी रंग यांचीही गत फारशी वेगळी नाही. सिमेंटपेक्षा एवढेच बरे की ते खरवडून निघतात.

तिसरे कारण आमच्या वेळेचे, म्हणजे शेवटी तुमच्या पैशाचे. सुटे फुटके कौल बदलायला दोन-तीन मिनिटे लागतात. चार कौलांचे कोपरे जिथे एकत्र येतात, तिथे सिमेंटचा गोळा बसला की ती चारही एकजीव होतात. एक काढायला छिन्नी लावली की उरलेल्या तिघांतली निदान दोन फुटतात, मग त्यांच्या शेजारची हलतात, आणि अर्धा तास सहज जातो. म्हणूनच सिमेंट लावलेल्या छपराचे काम आम्ही कौलामागे दर ठरवून घेत नाही, रोजावर घेतो. काहींना ही अडवणूक वाटते. पण अशा छपरात किती कौले फुटणार हे हात घातल्याशिवाय आम्हालाही कळत नाही, आणि अंदाजाने जास्तीचा आकडा सांगण्यापेक्षा रोज मोजलेला बरा.

"मग आढ्यावर तुम्हीच सिमेंट लावता ते?" असे हमखास विचारले जाते. रास्त प्रश्न आहे. आढे म्हणजे छपराचा माथा. त्यावरच्या कोन्यांना, म्हणजे माथा झाकणाऱ्या कौलांना, एकमेकांत अडकायला तशी खाच नसते, ते मसाल्यावरच बसवावे लागतात. पण मसाला कोन्याच्या आत, पोटाखाली जातो. बाहेरून फासला जात नाही, आणि खालच्या कौलाच्या पन्हळीत तर मुळीच उतरू द्यायचा नसतो. आम्ही नुसते सिमेंट-वाळू वापरत नाही. एक भाग सिमेंट, एक भाग चुना, सहा भाग वाळू असे घेतो. हा मसाला थोडा मऊ राहतो, त्यामुळे पुढे कधी कोना काढायचा झाला तर तो न फुटता निघतो. लावण्याआधी कोने पाण्यात बुडवून घ्यावे लागतात, नाहीतर कोरडे कौल मसाल्यातले पाणी पिऊन टाकते आणि मसाला भुसभुशीत होतो. नंतर चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारणे हे घरमालकाचे काम. ते झाले नाही तर कोने हलतात आणि बोल आम्हाला लागतो.

एक कौल आतून कसे बदलावे

माळ्यावर फळ्यांचे छत नसेल तर छपरावर चढायचीही गरज नाही. आत शिडी लावा, खाली एक माणूस धरायला ठेवा. वीज खांबावरून त्याच बाजूने घरात आली असेल तर हे काम करू नका, आम्हाला बोलवा.

फुटक्याच्या वरचे कौल तळहाताने उचला आणि त्याखाली लाकडाची पाचर सारा. बाजूच्या ज्या कौलाची कड फुटक्यावर बसली आहे तेही तसेच किंचित उचला. आता फुटके कौल आढ्याच्या दिशेने इंचभर सरकवले की पाठीवरचे दोन ठोकळे रिपेवरून सुटतात. कौल आडवे केले की दोन रिपांमधून आत येते. नवे त्याच वाटेने बाहेर न्या. आधी खालची कड खालच्या कौलावर टेकवा, मग बाजूची खाच बसवा आणि सावकाश खाली ओढा. ठोकळे रिपेवर बसल्याचे हाताला कळते. ते कळले नाही तर पाचरी काढू नका, कौल अधांतरी आहे. पहिल्या वादळात ते सरकणार.

भर पावसात बदली कौल हाताशी नसेल तर साधारण 10 बाय 14 इंचाचा पत्र्याचा तुकडा वरच्या कौलाखाली सारून फुटक्यावर घालावा. तेलाचा डबा कापून सपाट केलेला असला तरी चालतो. पत्रा वरच्या कौलाखाली निदान तीन इंच गेला पाहिजे. दिसायला बरा दिसत नाही, पण दिवाळीपर्यंत निभावतो आणि काढताना काही फोडत नाही.

गळतीची जागा सांगताना

"देवघराच्या वर गळतंय" एवढ्यावर आमचा माणूस पाऊण तास नुसता शोधत राहतो. पाणी टपकते ती जागा आणि फुटकी जागा बहुधा एक नसते. दुपारी बाराच्या सुमारास दारे-खिडक्या लावून माळ्यावरून वर बघा. सांध्यांतून बारीक उजेड दिसतो, तो साहजिक आहे. रुपयाएवढा किंवा वेडावाकडा उजेड दिसला तर तिथे कौल फुटले किंवा सरकले आहे. टपकण्याच्या जागेपासून ओल्या डागाचा माग वर आढ्याकडे काढत जा. मग छपराची उतरती बाजू, म्हणजे पाखे, कोणते ते धरून आम्हाला असे कळवा: "पश्चिमेचे पाखे, आढ्यापासून सातवी ओळ, दाराच्या भिंतीपासून अकरावे कौल." जवळच्या वाशावर खडूने फुली मारून ठेवली तर उत्तमच. एवढे केलेत तर सकाळी आलेला माणूस दुपारच्या आत मोकळा होतो आणि तुमचा अर्धाच रोज पडतो.

पाऊस वाऱ्याबरोबर नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेचे पाखे आधी तपासावे. वानरांचा त्रास असेल तर झाडाच्या फांदीवरून उडी पडते ती जागा बघावी. तिथली कौले दर वर्षी जातात. इलाज फांदी छाटण्याचा आहे, जाड कौलांचा नाही. माडाखालच्या पाख्यालाही तेच लागू. नारळ वेळेवर उतरवून घेतले आणि वाळलेल्या झावळ्या काढल्या तर कौले वाचतात.

कौल कौलात बसत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. या पावसात दोन कारखान्यांची कौले एका ओळीत घालून चालत नाही. लांबी-रुंदी फीतेवर सारखी भरली तरी खाचेची खोली दोन-तीन मिलिमीटरने वेगळी असते. कौल वरून बसल्यासारखे वाटते, प्रत्यक्षात ते एका कोपऱ्यावर डुगडुगत असते. गावातल्या दुकानातून "मंगलोरी द्या" म्हणून आणलेली पंचवीस कौले परत पाठवायची पाळी दर हंगामात येते. प्रत्येक कौलाच्या पाठीवर कारखान्याचा छाप असतो. तो बघून मागा. मोडलेल्या घरांची जुनी कौले छापवार लावून आमच्या वखारीत ठेवलेली असतात, त्यात बंद पडलेल्या कारखान्यांचीही आहेत. छाप जुळला तर एक-एक कौलही देतो.

नवीन घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघा. खणखणीत वाजले तर नीट भाजलेले आहे, भद्द वाजले तर कच्चे किंवा चिरलेले. शंका वाटली तर कोरडे वजन करून 24 तास पाण्यात बुडवा आणि पुन्हा वजन करा. भारतीय मानक आयएस 654 प्रमाणे अव्वल दर्जाच्या कौलाने वजनाच्या 18 टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. म्हणजे अडीच किलोचे कौल साडेचारशे ग्रॅमपर्यंत. शंभर चौरस फुटांना साधारण 140 कौले लागतात. कच्ची कौले जितके पाणी जास्त पितात तितका भार वाशांवर पावसाळाभर राहतो, आणि मग आढे वाकले की दोष लाकडाला दिला जातो. घरात पंचवीस-तीस बदली कौले नेहमी ठेवा, उभी आणि पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात. आडवी रचली तर खालची तडकतात.

चढायची वेळ आलीच तर

कौलाच्या मधोमध पाय देऊ नका, खाली पोकळी असते. वरचे कौल खालच्यावर चढते तिथे दुहेरी जाडी असते आणि खाली रीप असते, पाय तिथे. अनवाणी नाही आणि कडक तळाच्या बुटांनीही नाही. त्याहून चांगले म्हणजे गोणपाटावर बांबूची शिडी आडवी टाकून तिच्यावरून चालावे. शेवाळ ओले असताना चढूच नये. पावसात आमची माणसेही चढत नाहीत, कितीही निकडीचा फोन आला तरी.

शेवाळ मे महिन्यात वाळून पापुद्रे सुटतात तेव्हा खराट्याने किंवा काथ्याच्या ब्रशने आढ्याकडून खाली झाडून काढावे. मोटारीच्या धुण्याचा जोरदार फवारा मारू नका. तो सांध्यातून उलटा आत जातो आणि कौलाची भाजलेली साय खरवडून नेतो, मग दोन वर्षांत शेवाळ दुप्पट. रंगाचे विचाराल तर तैलरंग नको, पोपडे धरतो. कौल शाबूत असेल तर रंगाची गरजच नसते.

दोन पाखी आतल्या कोपऱ्यात मिळतात तिथली पत्र्याची पन्हळ मात्र पावसाआधी आणि श्रावणात एकदा, अशी दोनदा साफ झालीच पाहिजे. आंब्या-फणसाची पाने तिथे बसतात आणि पाणी दोन्ही बाजूंनी कौलाखाली जाते.

बंद घरांसाठी

चुलीचा धूर वासे आणि रिपांना किडीपासून राखत असे. मुंबईकरांचे घर अकरा महिने बंद, त्यामुळे धूर नाही आणि हवाही नाही. मे महिन्यात आलात की प्रत्येक वाशाचे भिंतीत गेलेले टोक स्क्रू-ड्रायव्हरने टोचून बघा. अर्ध्या इंचाहून जास्त आत गेला तर ते टोक कुजले आहे. तेवढाच भाग कापून नवीन जोड देता येतो, अख्खा वासा बदलायची गरज नसते. काजूच्या टरफलाचे तेल लाकडाला दोन हात दिले की वाळवी बरीच लांब राहते. ते कातडीला भाजते, हातमोजे घालूनच लावा.

पूर्ण छपराची परतणी, म्हणजे सगळी कौले उतरवून, रिपा तपासून, झाडून पुन्हा चढवणे, तीन-चार वर्षांतून एकदा पुरते. हे काम आम्ही शिमगा झाल्यापासून 20 मेपर्यंत घेतो. त्यानंतर मृगापर्यंत फक्त किरकोळ गळती. गणपतीच्या आधी घर कोरडे हवे असेल तर फेब्रुवारीतच नाव नोंदवा. नोंदवायला येताना छपरावरचे एक कौल बरोबर आणा, पाठीवरचा छाप पुसू नका.