पर्ल कोड: स्क्रिप्ट की मॉड्यूल? – पार्श्वभूमी

बेळगाव-निपाणी भागातल्या छापखान्यांतला जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडात आणण्यासाठी आमच्यापैकी काहींनी वेळोवेळी पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत छोटे प्रोग्राम लिहिले. ते सगळ्यांसाठी खुले करायचे ठरले की पहिला वाद हाच: स्क्रिप्ट (थेट चालवायची फाइल) म्हणून द्यायचे की मॉड्यूल (इतर प्रोग्रामांनी वापरायचा कोड) म्हणून?

१९८७ साली पर्ल आली तेव्हा हा प्रश्न नव्हता. पर्ल ४ पर्यंत सामायिक कोड वेगळ्या फाइलीत ठेवून 'रिक्वायर' या आज्ञेने आत ओढला की भागायचे. मॉड्यूल आले ऑक्टोबर १९९४ च्या पर्ल ५ बरोबर. पुढच्याच वर्षी सीपॅन हे पर्ल कोडचे सामायिक भांडार उभे राहिले.

खरा गुंता तिथून सुरू होतो. सीपॅनची अनुक्रमणिका फाइलीतल्या 'पॅकेज' या ओळीत मॉड्यूलचे जे नाव लिहितात त्यावर चालते. ज्या फाइलीत ती ओळ नाही, ती कितीही कामाची असली तरी नावाने मागवता येत नाही. त्यामुळे 'मॉड्यूल' शब्दाला दोन अर्थ चिकटले: दुसऱ्या प्रोग्राममधून वापरता येणारा कोड, आणि भांडारातून बसवता येणारा गठ्ठा. वाद घालणारे बहुतेकदा यातल्या वेगवेगळ्या अर्थांनी बोलत असतात. स्क्रिप्टच्या गठ्ठ्याला मॉड्यूलसारखे नाव देणाऱ्या 'ॲप' या उपसर्गाने वाट काढली, पण गुंता सुटला नाही. सीपॅनवरची मॉड्यूल बसवून देणारे २०१० मधले 'ॲप::सीपॅनमायनस' बघा. नाव मॉड्यूलचे, पण ते मॉड्यूल म्हणजे जवळपास नुसती माहितीपत्रिका. सगळे काम 'सीपॅनएम' या एका स्क्रिप्टमध्ये भरलेले. ते तिथे योग्यच आहे, कारण काहीही बसवलेले नसताना ती एकच फाइल उचलून चालवता यावी लागते.

आमच्या कामाला मात्र तो न्याय लागू नाही. जुन्या फॉन्टांत 'कि' साठवताना वेलांटी आधी आणि क नंतर येतो. युनिकोडात क आधी. 'र्क' मधला रफार नेमका उलट: तिकडे अक्षरानंतर, इकडे अक्षराआधी. फॉन्ट बदलला की अक्षरांचा तक्ता बदलतो, ही अदलाबदल तीच राहते. म्हणजे ती मॉड्यूलमध्येच हवी; फोल्डर उघडणे, मूळ फाइलीची प्रत ठेवणे ही कामे स्क्रिप्टची. 'कॉलर' (फाइल थेट चालवली की दुसऱ्या प्रोग्रामने बोलावली हे सांगणारी पर्लची सोय) तपासून एकच फाइल दोन्ही प्रकारे चालवायची युक्तीही आहे, पण तिने तक्ते वेगळे होत नाहीत.

आजही रफाराचा तोच नियम आमच्याकडे तीन स्क्रिप्टांत तीनदा लिहिलेला आहे, आणि 'र्‍या' ची दुरुस्ती त्यातल्या एकीतच झाली आहे.