पिशवीतील फाईल आणि चौदा अंकी क्रमांक

मिरजेच्या एसटी स्थानकावर सकाळी उतरणाऱ्यांपैकी दवाखान्याला आलेले कोण, हे ओळखणे अवघड नसते. जत, कवठेमहांकाळ किंवा सीमेपलीकडील अथणीहून आलेल्या माणसाच्या हाती कापड दुकानाची पिशवी असते आणि तिच्यातून एक्स-रेचे लांबडे पाकीट बाहेर डोकावत असते. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये येथे मिशन रुग्णालय सुरू केल्यापासून मिरजेला लांबून रुग्ण येत राहिले आणि एका डॉक्टरकडची माहिती दुसऱ्याकडे नेण्याचे काम बहुतांशी या पिशवीनेच केले. कोणता कागद पुढे करायचा आणि कोणता घडी घालून तळाशी ठेवायचा, हे रुग्ण किंवा सोबतचा नातेवाईक ठरवीत असे. आज जिला संमती म्हणतात ती तेव्हा अशी हातातच होती.

रुग्णालयाच्या दप्तरातील केसपेपर मात्र रुग्णाला सहसा मिळत नसत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणल्यावर, आपण लिहिलेली ओळ उद्या पुरावा ठरू शकते, ही धास्ती डॉक्टरांच्या मनात बसली. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने नोंदींच्या प्रती मागण्याचा रुग्णाचा हक्क मान्य केला आणि २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेने नोंदी ३ वर्षे जपण्याचे व मागितल्यास ७२ तासांत देण्याचे बंधन घातले. तरीही ‘झेरॉक्सला उद्या या’ हे उत्तर काही बंद झाले नाही.

रुग्णांचा संकोच निराळ्या कारणाचा होता. नव्वदच्या दशकात एचआयव्हीचा प्रादुर्भाव अधिक असलेल्या जिल्ह्यांत सांगलीचे नाव घेतले जाई, आणि एक रिपोर्ट फुटला तर ठरलेले लग्न मोडते, हे येथील लोकांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अशाच मोडलेल्या लग्नाच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये, होणाऱ्या जोडीदाराच्या जिवाला धोका असल्यास गोपनीयतेचे बंधन सैल होते, असे म्हटले. संमतीशिवाय ही माहिती उघड करण्यास मनाई करणारा कायदा २०१७ मध्ये आला. क्षयरोगाचे तसेच. २०१२ पासून खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक क्षयरुग्णाची नोंद सरकारला कळवणे सक्तीचे झाले, निक्षय ही संगणकीय प्रणाली आली, आणि ‘डॉक्टर, नाव तेवढे घालू नका’ ही विनवणी नियमाच्या आड येऊ लागली. नाव कळवले तर रुग्ण दुसरीकडे जाईल, ही भीती डॉक्टरांनाही होतीच. ती निव्वळ धंद्याची होती असे मात्र मी म्हणणार नाही, कारण अर्धवट सुटलेला उपचार त्यांनी पाहिलेला असतो.

राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा १५ ऑगस्ट २०२० रोजी झाली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन या नावाने देशभर लागू झाले. यातील ‘आभा’ हा प्रत्येकाचा १४ अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. नोंदी जेथे तयार झाल्या तेथेच राहतात आणि रुग्णाने परवानगी दिल्यावरच दुसऱ्या डॉक्टरला दिसतात, अशी या अभियानाची रचना आहे. पण कोरोना लसीकरणात आधार दाखवलेल्या अनेकांना, प्रमाणपत्रावर छापलेला आरोग्य क्रमांक आपण कधी मागितला, हे आठवेना. त्यातच नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्समधील संगणक यंत्रणा सायबर हल्ल्याने कित्येक दिवस ठप्प झाली, तेव्हा आधीच नाखूश असलेल्या डॉक्टरांना बोलायला आधार मिळाला. छोट्या दवाखान्यातील डॉक्टरची तक्रार साधी आहे: रुग्ण तपासायचा की कळफलक बडवायचा?

आरोग्य माहितीसाठी स्वतंत्र कायद्याचा २०१८ चा मसुदा मागे पडला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आरोग्याच्या माहितीला अधिक नाजूक असा वेगळा वर्ग नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि त्यांतील मुख्य बंधने १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत.

तोवर केसपेपरच्या खिडकीवर वेगळाच व्यवहार चालतो. आजीबाईंच्या नावापुढे मोबाईल क्रमांक असतो पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाचा. ओटीपी त्याच्याकडे जातो. तो जेवणाच्या सुटीत फोन उचलतो, आकडे सांगतो, आणि आजीबाई ते मागच्या रांगेला ऐकू जातील इतक्या मोठ्याने खिडकीतल्या मुलीला सांगतात. पिशवी त्यांच्या काखेतच असते.