राखीव निधी आणि रोख राखीव: शब्द एक, कामं दोन

सप्टेंबरात नाशिकच्या सहकारी बँकांच्या वार्षिक सभा सुरू झाल्या की पंचवटीत आत्याकडे तिच्या बँकेचा अहवाल येतो. ती सभासद आहे, ठेवीदारही आहे. यंदा तिने ताळेबंदातल्या एका आकड्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "राखीव निधी बघ केवढा आहे! उद्या काही झालंच तर तिजोरीत एवढा पैसा आहेच की."

म्हटलं, "आत्या, हा आकडा डाव्या बाजूचा. तिजोरी उजव्या बाजूला असते."

ही गल्लत खूप जणांची होते, आणि तिला आपली भाषाच कारण आहे. 'राखीव' हा शब्द दोन अगदी वेगळ्या गोष्टींना लागतो. ताळेबंदात डावीकडे 'भांडवल व देणी' असतात. राखीव निधी तिथे. उजवीकडे 'जिंदगी व येणी'. बँकेतले लोक ज्याला सीआरआर म्हणतात, ती रोख राखीव रक्कम तिथे. पैसा कुणाचा हे डावी बाजू सांगते, तो आत्ता कुठे आहे हे उजवी.

सहकार कायद्याप्रमाणे निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा दरवर्षी राखीव निधीत जातो. तो आणि सभासदांचं भागभांडवल हे बँकेचं स्वतःचं बळ, म्हणजे तिचं भांडवल. पण हा पैसा वेगळ्या कप्प्यात बांधून ठेवलेला नसतो. कर्जांत, रोख्यांत, शाखेच्या इमारतीत तो मिसळून गेलेला असतो. त्याचं काम एकच: कर्ज बुडालं तर तो घाव ठेवीदाराच्या आधी स्वतःवर घ्यायचा.

रोख राखीव म्हणजे ठेवींपैकी कर्जाऊ न देता बाजूला ठेवायची रक्कम. तिचं प्रमाण रिझर्व्ह बँक ठरवते. २०२५ मध्ये ते चार टप्प्यांत ४ वरून ३ टक्क्यांवर आणलं गेलं. याशिवाय १८ टक्के रक्कम मुख्यतः सरकारी रोख्यांत ठेवावी लागते. हा पैसा मागणाऱ्याला वेळेवर देता यावं यासाठी.

आत्याचं माहेर लासलगावच्या बाजूचं, म्हणून मी कांद्याच्या चाळीवर आलो. एका व्यापाऱ्याच्या चाळीत वीस लाखांचा उन्हाळ कांदा आहे. खाली हवा खेळते आहे, माल कडक आहे, पण आज लिलावात घेतलेल्या मालाचे पैसे शेतकऱ्याला द्यायला हातात रोकड नाही. ही रोखीची अडचण. दुसऱ्याने उसने पैसे घेऊन चाळ भरली आणि पावसाळी दमटीने निम्मा माल सडला. वास रस्त्यापर्यंत येतो. उरलेला विकूनही कर्ज फिटत नाही. हा बुडाला. पहिल्याला चार दिवस कुणी हातउसने दिले तर तो तरतो. दुसऱ्याला तसे दिले तर देणाराही अडकतो.

खरी भीती तिसऱ्याची. माल चांगला, पण रोकडीच्या गरजेपायी पडत्या भावात चाळ रिकामी केली, आणि तोट्याने भांडवलच गेलं. एक दुखणं असं दुसऱ्यात उतरतं. अमेरिकेच्या सिलिकॉन व्हॅली बँकेचं मार्च २०२३ मध्ये हेच झालं. व्याजदर वाढल्याने तिच्या सरकारी रोख्यांचे भाव पडले होते. ते विकून १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचं तिने जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी ठेवीदारांनी ४२ अब्ज डॉलर काढून घेतले.

जगाचे नियमही या दोन गोष्टींपर्यंत एकदम पोहोचले नाहीत. १९७४ मध्ये जर्मनीतली हर्स्टाट बँक बुडाली, त्यानंतर मध्यवर्ती बँकांची बाझल समिती उभी राहिली. १९८८ मध्ये तिने जोखीमभारित मालमत्तेच्या, म्हणजे जोखमीप्रमाणे कमी-जास्त वजन देऊन मोजलेल्या मालमत्तेच्या, ८ टक्के भांडवल हवं असं ठरवलं. रोखतेचे, म्हणजे मागेल तेव्हा पैसे देता येण्याचे, जागतिक निकष मात्र २००८ च्या संकटानंतर, २०१० मध्ये आले. तीस दिवसांचा ताण सोसण्याइतकी चांगली, लगेच विकता येईल अशी मालमत्ता मोठ्या बँकांनी बाळगायची, हा त्यातला मुख्य.

अमेरिकी मध्यवर्ती बँकेच्या सॅन फ्रान्सिस्को विभागाचे (सॅन फ्रान्सिस्को फेडचे) संशोधक ऑस्कर जोर्डा आणि सहकाऱ्यांनी १७ देशांचे १८७० पासूनचे ताळेबंद तपासले, तेव्हा भांडवल जास्त असल्याने संकट टळतं असं त्यांना दिसलं नाही. पण ज्यांच्या बँकांकडे भांडवल भरपूर होतं, ते देश संकटातून लवकर सावरले. मला हे फार मोलाचं वाटतं. उद्याची धावपळ भांडवल थांबवत नाही, परवाचं नुकसान किती खोल जाईल ते ठरवतं.

आत्यासाठी कागदावर छोटा हिशेब मांडला. बँकेचे स्वतःचे १० रुपये, ठेवींचे ९०. त्यातले ७५ कर्जात, २५ रोख आणि रोख्यांत. कर्जातले ६ बुडाले तर स्वतःचे ४ उरतात, ठेवीदाराला झळ नाही. १२ बुडाले तर ठेवीदारांचे २ गेले, मग तिजोरी कितीही भरलेली असो. आणि एक रुपयाही बुडालेला नसताना एका सकाळी लोक ३० मागायला आले, तर २५ वर बँक अडकते.

यातल्या स्वतःच्या १० रुपयांच्या हिशेबाला, म्हणजे जोखीमभारित मालमत्तेच्या किती टक्के भांडवल आहे याला, अहवालात 'भांडवल पर्याप्तता' म्हणतात. १०० कोटींपर्यंत ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना ती किमान ९ टक्के लागते. त्याहून मोठ्यांसाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठायची मुदत होती. हा आकडा थकीत कर्जं प्रामाणिकपणे थकीत दाखवली असतील तरच खरा, म्हणून मी त्याच्या आधी एनपीएचं, म्हणजे थकीत कर्जांचं, पान बघतो.

"आणि सगळंच फसलं तर?"

"एका बँकेत एका ठेवीदाराचे व्याजासह पाच लाखांपर्यंत विम्यात. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही."

पतसंस्थेत तिचीही एक ठेव आहे. ती थोडा वेळ गप्प बसली. मग चष्मा लावून हिशेबावरच्या टिपांची पानं उलटत गेली आणि थांबली: सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांच्या ठेवी एकूण ठेवींच्या किती टक्के, याची ओळ. "हे वीस जण एकाच दिवशी आले तर उजव्या बाजूला तेवढं आहे का?" तिने विचारलं, आणि सभेत विचारायला तो प्रश्न अहवालाच्या मागच्या पानावर लिहून ठेवला.