परक्या गावात शिकताना: सांस्कृतिक बुद्धिमत्तेचा सराव

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी मुलं गावात राहायला जातात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या अशा गटांत घाटावरची मुलंही असतात. फवारणीच्या मिश्रणात मोरचूद किती आणि चुना किती, हे त्यांना तोंडपाठ असतं. ते कोणाला, कधी आणि कसं सांगायचं, इथे मात्र घोडं अडतं.

अनोळखी रीतीभातींच्या माणसांत नीट काम करता येण्याच्या या क्षमतेला ‘सांस्कृतिक बुद्धिमत्ता’ म्हणतात. ख्रिस्तोफर अर्ली आणि सून आंग या अभ्यासकांनी २००३ मध्ये ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली. तिचे चार भाग आहेत: शिकण्याची उमेद, त्या समाजाची माहिती, स्वतःच्या अंदाजांवर ठेवलेली नजर आणि वागण्यात केलेला बदल. आंग आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तिच्या मोजमापासाठी २० विधानांची प्रश्नावलीही प्रसिद्ध केली.

विद्यार्थ्यांचा सगळा भर पडतो तो माहितीवर. ‘कोकणी माणूस असा असतो’ हे कोणाकडून तरी ऐकून ते गावात उतरतात आणि मग नजर तेवढंच शोधत राहते. प्रत्यक्षात एका बंदरावर कोळी असतात, मुस्लिम मच्छीमार असतात, होडीवर नेपाळी खलाशीही असतो. सिंधुदुर्गात गाबीत हा मच्छीमार समाज आहे. संगमेश्वरी आणि मालवणी या बोलीही एकसारख्या नाहीत. त्यामुळे स्वभावाच्या यादीपेक्षा कामांचं वेळापत्रक कितीतरी उपयोगी. यांत्रिक नौकांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते. होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, त्यामुळे मच्छीमाराला बोलायला सवड असते. त्याच जुलैत शेतकरी भाताच्या लावणीत गुडघाभर चिखलात असतो, तेव्हा त्याच्यापुढे चार पानी प्रश्नावली धरू नये. गणपतीत आणि शिमग्याच्या पालखीच्या दिवसांत सर्वेक्षणाचा विषयच काढू नये. बोलावलं तर जावं, पडेल ते काम करावं. हर्णै बंदरावरच्या मासळीच्या लिलावात बोली चालू असताना भाव विचारणं म्हणजे मध्ये लुडबुड. लिलाव आटोपला की विचारावं.

खरा कस लागतो तो तिसऱ्या भागात, म्हणजे स्वतःच्या अंदाजांवर नजर ठेवण्यात. समोरचा तुटक बोलला की आपण त्याच्या स्वभावाला दोष देतो, परिस्थिती बघत नाही. मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी १९७७ मध्ये या चुकीला नाव देऊन तिची सविस्तर मांडणी केली. यावर साधा उपाय म्हणजे वहीच्या पानावर चार रकाने आखणं: काय दिसलं, मी काय अर्थ लावला, आणखी कोणते अर्थ शक्य आहेत, आणि तपासणार कसं. नोंद त्याच दिवशी करावी. उशीर झाला की घडलेलं पुसट होतं आणि आपण लावलेला अर्थच तेवढा लक्षात राहतो.

गडबड पहिल्याच रकान्यात होते. ‘बागायतदाराने टाळाटाळ केली’ हे निरीक्षण नव्हे, तो निष्कर्ष झाला. निरीक्षण असं: ‘उत्पन्न विचारल्यावर ते पेट्या भरणाऱ्या गड्यांकडे बघत होते, उत्तर दोन शब्दांत आलं.’ आता दुसरे अर्थ सुचतात. वाशीच्या बाजाराला जाणारी गाडी भरायची घाई असेल. पैशाचा विषय गड्यांसमोर नको असेल. किंवा हेच प्रश्न मागच्या वर्षीच्या मुलांनी विचारले असतील आणि पुढे कोणी तोंडही दाखवलं नसेल (ही तक्रार रास्तच आहे). तपासताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी: प्रश्न तोच, घाईची वेळही तीच, फक्त आसपास गडी नसताना. वेळ, जागा आणि प्रश्न तिन्ही बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.

वागण्यातला बदल शिकायला सुपारीची फळं कुजवणाऱ्या कोळेरोगाचं उदाहरण घ्या. त्यासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं पाण्यातलं मिश्रण, फवारतात. कृती सांगून झाली की विद्यार्थी विचारतो, ‘कळलं ना काका?’ काका म्हणतात, ‘हो हो.’ पाहुण्या पोराला तोंडावर नाही कसं म्हणायचं? त्यापेक्षा ‘मी नीट सांगितलं का ते बघायचंय, दहा लिटरला तुम्ही काय काय घ्याल?’ असं विचारावं. १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून मग एकत्र, असं उत्तर आलं तर निरोप पोचला. मिश्रणात लोखंडी पातं थोडा वेळ बुडवल्यावर त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडलाय, हे काकांनी स्वतः करून दाखवलं तर उत्तमच. परीक्षा सांगण्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही, एवढं वाक्यरचनेतून दिसलं की कोणाचा मान दुखावत नाही.

बदल म्हणजे नक्कल मात्र नव्हे. आठ दिवसांत उचललेली मालवणी बहुतेकदा टिंगल वाटते. त्यातही जवळच्यांत खपणाऱ्या शिव्या पाहुण्याच्या तोंडी मुळीच शोभत नाहीत. बोली समजून घ्यावी, बोलावं आपल्या साध्या मराठीत.

गटाची रचनाही महत्त्वाची. वेगवेगळ्या समूहांतली माणसं नुसती एकत्र बसवून भागत नाही. दर्जा समान, ध्येय एक, काम परस्परांच्या सहकार्याचं आणि वरच्यांचा पाठिंबा, या अटी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये मांडल्या. पेटिग्र्यू आणि ट्रॉप यांनी २००६ मध्ये ५१५ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा संपर्काने पूर्वग्रह सर्वसाधारणपणे कमी होतो असं दिसलं. या अटी पाळल्या तर परिणाम वाढतो. आपल्याकडे पहिलीच अट मोडते: गटातल्या स्थानिक मुलाला कायमचा दुभाषा आणि वाटाड्या केलं जातं, अहवाल इतर लिहितात. प्रश्न विचारणं, नोंदी घेणं आणि अहवाल लिहिणं ही कामं दर आठवड्याला फिरती ठेवावीत.

प्रगती मोजताना स्वतःच स्वतःला गुण देऊन थांबू नये. ते सढळ हातानेच पडतात. सांस्कृतिक बुद्धिमत्तेची ती २० विधानांची प्रश्नावली आपण भरावी आणि सोबत्यालाही आपल्याबद्दल तीच भरायला सांगावं. ज्या विधानावर दोघांच्या गुणांत दोन किंवा अधिक अंतर पडेल, तिथे त्याच्याकडून एक घडलेला प्रसंग मागावा आणि त्याची नोंद वहीच्या पहिल्या रकान्यात करावी.