कर्करोग संशोधनातील उद्धरणमापन

कर्करोगावर काम करणाऱ्या संशोधकाचे शोधनिबंध किती आहेत आणि इतर संशोधकांनी आपल्या लेखनात त्यांचा किती वेळा आधार घेतला आहे, याची पद्धतशीर मोजदाद म्हणजे उद्धरणमापन. नेमणूक, बढती, अनुदान आणि पुरस्कार यांच्या निर्णयांत तिचा सर्रास वापर होतो. उद्धरणसंख्येवरून निबंध किती जणांच्या उपयोगी पडला हे कळते. त्यातला निष्कर्ष खरा आहे की नाही हे कळत नाही, आणि कर्करोगाच्या क्षेत्रात हा फरक फार ठळकपणे दिसतो.

या मोजदादीचा पाया यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलेल्या कल्पनेने घातला गेला आणि त्यातूनच १९६४ मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूची निघाली. आज वेब ऑफ सायन्स, स्कोपस आणि गूगल स्कॉलर ही तीन साधने प्रामुख्याने वापरली जातात. प्रत्येकाची व्याप्ती वेगळी असल्याने एकाच संशोधकाचे आकडे तिन्ही ठिकाणी जुळत नाहीत. प्रबंध आणि पूर्वप्रकाशनेही (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले निबंध) धरणाऱ्या गूगल स्कॉलरमध्ये ते सहसा सर्वांत मोठे दिसतात. सारख्या नावांमुळे होणारा घोळ टाळण्यासाठी २०१२ पासून ऑर्किड हा सोळा अंकी ओळखक्रमांक दिला जातो.

व्यक्तीच्या कामगिरीसाठी सर्वाधिक वापरला जाणारा एच-निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. एखाद्याच्या पाच निबंधांना अनुक्रमे ४०, २२, ९, ४ आणि ३ उद्धरणे असतील, तर किमान चार उद्धरणे मिळालेले चार निबंध त्याच्या नावावर असल्याने त्याचा निर्देशांक ४ येतो. याउलट एका निबंधाला ९०० आणि उरलेल्या तिघांना दोन-दोन उद्धरणे असलेल्या संशोधकाचा निर्देशांक मात्र २ भरतो. हा आकडा वयाबरोबर वाढतो, कधीच घटत नाही, आणि सहलेखकांपैकी कोणी किती काम केले याची दखल घेत नाही. जैववैद्यकीय निबंधांत प्रत्यक्ष प्रयोग करणाऱ्याचे नाव बहुधा पहिले आणि प्रयोगशाळाप्रमुखाचे शेवटचे असते. पण अर्बुदांच्या, म्हणजे कर्करोगाच्या गाठींच्या, जनुकसंचाचा अभ्यास करणाऱ्या प्रकल्पांत लेखकांची यादी शेकड्यांत जाते आणि प्रत्येकाच्या खात्यात उद्धरण पूर्ण जमा होते.

या क्षेत्रात भरघोस उद्धरणे कोणाला मिळतात हे पाहण्यासारखे आहे. अमेरिकन कॅन्सर सोसायटीच्या ‘सीए’ या नियतकालिकाचा प्रभावांक, म्हणजे त्यातील अलीकडच्या निबंधांना वर्षभरात मिळालेल्या उद्धरणांची सरासरी, २०२० मध्ये पाचशेच्या वर गेला होता. त्याचे मुख्य कारण म्हणजे त्यात दरवर्षी येणारी कर्करोगाची आकडेवारी, जी असंख्य निबंधांच्या पहिल्याच परिच्छेदात उद्धृत केली जाते. रुग्णांच्या जगण्याचा आलेख काढण्याची कॅपलन-मायर पद्धत (१९५८) किंवा जिवंत पेशी मोजण्याची एमटीटी चाचणी (१९८३) यांचे मूळ निबंधही असेच उपयोगामुळे वर राहिले. विचाराने प्रभाव पाडणारे लेखन त्या मानाने थोडे. कर्कपेशीची सहा लक्षणे मांडणारा हॅनाहन आणि वाइनबर्ग यांचा २००० सालचा समीक्षालेख हे त्याचे ठळक उदाहरण. कधी दखलही उशिरा घेतली जाते : कर्कपेशींच्या शर्करा-चयापचयाविषयी ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात केलेली निरीक्षणे जनुककेंद्री संशोधनाच्या काळात मागे पडली आणि एकविसाव्या शतकात पुन्हा जोमाने उद्धृत होऊ लागली.

उद्धरणे आणि विश्वासार्हता यांची फारकत २०१२ मध्ये उघड झाली. अ‍ॅमजेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी महत्त्वाचे मानलेले ५३ निबंध तपासले, तेव्हा केवळ सहांचे निष्कर्ष पुन्हा मिळाले. ते निबंध कोणते हे कंपनीने जाहीर केले नाही, हा आक्षेप रास्तच होता. परंतु २०२१ मध्ये पूर्ण झालेल्या खुल्या पुनःप्रयोग प्रकल्पातही बहुतेक परिणाम मूळ दाव्यापेक्षा बरेच क्षीण निघाले. कोणत्या रुग्णाला कोणते रसायनोपचार लागू पडतील हे जनुकांवरून सांगू पाहणारा ड्यूक विद्यापीठातील २००६ चा निबंध तर २०११ मध्ये मागे घ्यावा लागला. संख्याशास्त्रज्ञांनी त्यातील माहिती तपासली तेव्हा जनुकांची यादी एका ओळीने सरकलेली आणि काही ठिकाणी औषधाला दाद देणाऱ्या व न देणाऱ्या नमुन्यांची नावे उलटी पडलेली आढळली. तोवर त्यावर आधारित रुग्णचाचण्याही सुरू झालेल्या होत्या. मागे घेतलेल्या निबंधांचा आधार पुढेही घेतला जातो आणि संख्या मोजणाऱ्या साधनांत ती उद्धरणेही बेरजेतच धरली जातात.

नियतकालिकाच्या प्रभावांकावरून संशोधकाची किंमत ठरवू नये, असे आवाहन करणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा डिसेंबर २०१२ मधील पेशीजीवशास्त्रज्ञांच्या बैठकीतून पुढे आला. त्यानंतर काही अनुदानसंस्था अर्जात उद्धरणांच्या बेरजेऐवजी निवडक कामांचे वर्णन मागू लागल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने विकसित केलेला सापेक्ष उद्धरण गुणोत्तर हा निकष निबंधाची तुलना त्याच्याच विषयातील निबंधांशी करतो, त्यामुळे दुर्मीळ अर्बुदांवर काम करणाऱ्यांना स्तनाच्या किंवा फुप्फुसाच्या कर्करोगासारख्या गर्दीच्या विषयांशी स्पर्धा करावी लागत नाही.